तीनदा मेलेली देवी: फर्गॉटन रेल्म्समध्ये नियम बदलतात तेव्हा

२००८ च्या ऑगस्टमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळातल्या फर्गॉटन रेल्म्स जगाचं नवं मार्गदर्शक पुस्तक बाजारात आलं. आधीचं पुस्तक २००१ चं होतं आणि त्यातलं जग स्वतःच्या कालगणनेप्रमाणे १३७२ सालात होतं. नव्या पुस्तकात साल होतं १४७९. मधल्या काळात, १३८५ मध्ये, जादूची देवी मिस्ट्रा हिचा खून झाला होता. तिच्या मृत्यूनंतर निळ्या आगीची लाट उसळली, हालरुआ नावाचं जादूगारांचं राज्यच्या राज्य तीत उडालं आणि दुसऱ्याच एका जगाचे तुकडे इथे येऊन बसले. या उत्पाताचं नाव स्पेलप्लेग. त्याआधी दोनच महिने, जूनमध्ये, खेळाच्या नियमांची चौथी आवृत्ती निघाली होती. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवणाऱ्याला फार डोकं लढवावं लागत नव्हतं. नियम बदलले होते, म्हणून देवी मेली होती.

कथेचा खेळ चालवणाऱ्या प्रत्येक डीएमपुढे, म्हणजे डंजन मास्टरपुढे, हा प्रश्न कधी ना कधी येतो. नियमाला जगातलं कारण द्यायचं का, आणि दिलं तर कुठे थांबायचं? फर्गॉटन रेल्म्सने हा प्रश्न किमान पाच वेळा सोडवला आहे, दर वेळी वेगळ्या तऱ्हेने. काही उत्तरं सुरेख आहेत आणि एक चांगलंच महागात पडलं. जग तेच आणि देवीही तीच असल्यामुळे तुलना करायला हे प्रकरण सोयीचं आहे.

दिवसाला एकच मंत्र का?

मुळात जो नियम सगळ्यांना खुपायचा तो असा: जादूगाराने सकाळी पोथी उघडून आजचे मंत्र ‘पाठ’ करायचे, आणि मंत्र म्हटला की तो डोक्यातून पुसला जायचा. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र. तो वापरला की बिचारा चार बाजूंच्या फाशाएवढं आयुष्य आणि एक खंजीर घेऊन उरलेला दिवस काढणार. (चार बाजूंच्या एका फाशावर जेवढे येतील तेवढेच हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, म्हणून हा जुना विनोद.) १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापला गेला तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. पाठ केलेलं म्हटल्याबरोबर कोणी विसरतं का?

कल्पना जॅक व्हॅन्स या लेखकाची होती. त्याच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’मध्ये जादूगार मोजकेच मंत्र मेंदूत कोंबून घराबाहेर पडतात, आणि वापरलेला मंत्र निघून जातो. गायगॅक्सने ही उसनवारी कधी लपवली नाही. १९७६ मध्ये एका लेखात त्याने ती स्पष्ट सांगितली, आणि खेळातल्या वेक्ना या प्रेतजादूगाराचं नाव म्हणजे व्हॅन्सच्याच नावातली अक्षरं उलटसुलट केलेली आहेत. त्याला ही पद्धत आवडली ती खेळाच्या हिशेबाने. जादूगार बलाढ्य हवा, पण सतत बलाढ्य नको, नाहीतर तलवारवाल्याने काय करायचं?

पुढे १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात त्याने या नियमाला जगातलं कारण जोडलं. मंत्राचे शब्द पाठ करताना त्यांत ऊर्जा भरली जाते, ती ऊर्जा दुसऱ्या प्रतलांवरून, म्हणजे वेगळ्या विश्वांतून, येते, आणि उच्चारताच ती सुटते व जाताना मेंदूवरची खूणही पुसून नेते. वाचायला झकास, पण टेबलावर याचा उपयोग जवळपास शून्य. या माहितीने खेळाडूला नवं काहीच करता येत नाही. ती ऊर्जा चोरता येत नाही, तिच्याशी घासाघीस करता येत नाही, कोणाकडे दादही मागता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यापुरतं ते कारण आहे.

आपल्याकडे एकदाच वापरायच्या शक्तीचं उदाहरण घरोघरी माहीत आहे. इंद्राने कवचकुंडलांच्या बदल्यात कर्णाला शक्ती दिली आणि अट घातली, एकदाच चालेल. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली. कृष्णाने रात्रीच्या युद्धात घटोत्कचाला पुढे घातलं आणि ती शक्ती त्याच्यावर खर्च करायला लावली. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्याला यातली चाल लगेच ओळखू येते, कृष्णाने शत्रूला त्याचा मोठा स्पेल स्लॉट, म्हणजे दिवसाकाठी मिळणारी मंत्राची एक संधी, भलत्याच ठिकाणी जाळायला लावला. मर्यादा दोन्हीकडे तीच आहे. महाभारतात ती कोणीतरी, काहीतरी घेऊन घातलेली आहे, म्हणून तिच्याभोवती डाव रचता येतो. गायगॅक्सच्या मर्यादेला असा कोणी धनी नाही.

कार्ससचा हट्ट

फर्गॉटन रेल्म्स हे एड ग्रीनवुड या कॅनडातल्या माणसाचं जग. शाळकरी वयात, खेळ जन्मायच्याही आधी, त्याने या जगातल्या गोष्टी लिहायला सुरुवात केली होती. खेळ छापणाऱ्या टीएसआर या कंपनीने ते जग घेतलं आणि १९८७ मध्ये पेटीत घालून विकायला काढलं. या जगात जादू थेट मिळत नाही. सृष्टीभर जादूची एक वीण पसरलेली आहे, मंत्र म्हणणं म्हणजे त्या विणीतले धागे ओढणं, आणि ती वीण सांभाळणारी देवी मिस्ट्रा. म्हणजे इथे धनी पहिल्यापासून हजर आहे. जादूच्या कुठल्याही नियमाबद्दल तक्रार असेल तर ती कोणाकडे न्यायची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

याचा सगळ्यात चांगला उपयोग झाला तो एका साध्या आकड्यासाठी. मंत्रांच्या पायऱ्या नऊच का? दहावी का नाही? खरं उत्तर असं की १९७४ च्या पहिल्या पुस्तकांत सहा होत्या, १९७५ च्या पुरवणीत त्या नऊ केल्या, आणि तिथेच थांबले. जगातलं उत्तर तपशिलात आलं ते १९९६ मध्ये, नेथेरिलच्या पेटीत, म्हणजे नियमानंतर दोन दशकांनी.

नेथेरिल हे उडत्या शहरांचं साम्राज्य. तिथले जादूगार आजच्यापेक्षा कितीतरी वरच्या पायरीचे मंत्र करत. साम्राज्यावर संकट आलं तेव्हा कार्सस नावाच्या जादूगाराने थेट देवत्व हिसकावणारा बाराव्या पायरीचा मंत्र टाकला आणि नेमकी निवडली ती त्या वेळची जादूची देवी मिस्ट्रिल. देवीची शक्ती हातात आली, पण वीण सांभाळायची कशी हे काही त्याला कळेना. वीण फाटायला लागली. ती कायमची जाऊ नये म्हणून मिस्ट्रिलने स्वतःला संपवलं. त्या क्षणभरात जगातली जादू थांबली आणि शहरं कोसळली. कालगणनेप्रमाणे हे साल उणे ३३९. देवी मिस्ट्रा या नावाने परत आली आणि तिने दंडक घातला, दहाव्या पायरीपासून वरचं काही चालणार नाही.

मला हे उत्तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वोत्तम वाटतं, आणि ते फक्त गोष्ट चांगली आहे म्हणून नाही. त्यातून टेबलावर काय काय पडतं ते बघा. कोसळलेल्या शहरांचे अवशेष आहेत, आणि तिथे बाराव्या पायरीच्या मंत्राचं टिपण सापडू शकतं. ते कोणी वाचलं तर देवीला कळेल का? एल्फ लोकांची उच्च जादू या बंदीतून कशी सुटते, हाही प्रश्न आहे. दंडक म्हटला की तो मोडायची इच्छा असणारा कोणीतरी निघतोच, आणि तिथून महिनाभर पुरेल एवढं कॅम्पेन, म्हणजे बैठकींमागून बैठकी चालणारी सलग कथा, उभं राहतं. एवढं करून एकाही खेळाडूची, पात्राचे आकडे लिहिलेली चिठ्ठी बदलावी लागली नाही. नऊ पायऱ्या आधीही नऊच होत्या.

१३५८: देव रस्त्यावर

आता पहिला बदल. १९८९ मध्ये नियमांची दुसरी आवृत्ती आली. धर्मगुरूंच्या मंत्रांची नव्याने वाटणी झाली, देवागणिक वेगळी यादी. मारेकरी, म्हणजे असॅसिन, हा वर्ग, म्हणजे खेळाडूने निवडायचा पात्राचा प्रकार, नियमपुस्तकातून गायब झाला. त्यामागचं खरं कारण टीएसआरच्या लेक जिनिव्हा इथल्या कार्यालयात होतं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध पालकांचा मोठा गदारोळ झाला होता आणि मुलांना मारेकरी व्हायला शिकवणारं पान कंपनीला नको होतं.

रेल्म्समध्ये मात्र यासाठी एक पूर्ण कादंबरीत्रयी खर्ची पडली. नियतीच्या पट्ट्या चोरीला गेल्या म्हणून सर्वोच्च देव एओ चिडला आणि हेल्म सोडून सगळ्या देवांना त्याने देहधारी करून पृथ्वीवर हाकललं. मिस्ट्रा परवानगीशिवाय स्वर्गाचा जिना चढायला निघाली आणि पहाऱ्यावरच्या हेल्मने तिला ठार केलं. शेवटी मिडनाइट नावाची एक मर्त्य जादूगारीण तिच्या जागी बसली. तिचा एक वाटसोबती सिरिक, तोही देव झाला. हे नाव लक्षात ठेवा.

या काळासाठी दिलेले नियम मला मनापासून आवडतात. धर्मगुरूला मंत्र परत मिळवायचे असतील तर आपल्या देवाच्या एका मैलाच्या आत असायला हवं. जादूगाराचा मंत्र भलतंच काही करून बसू शकतो, त्यासाठी शंभराचा फासा टाका. संकट सरल्यावरही काही ठिकाणी वीण फाटलेलीच राहिली. कुठे जादू मेलेली, कुठे पिसाळलेली. नकाशावर अशी जागा असली की पार्टीतला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतला, जादूगार नकाशा उलगडताना घाम पुसतो. ही कारणं खेळण्याजोगी आहेत.

मारेकऱ्यांचं मात्र पार फसलं. बेन या देवाला लढाईसाठी ताकद हवी होती, म्हणून त्याने फेरून या खंडातल्या सगळ्या मारेकऱ्यांचे प्राण शोषून घेतले. बरं. पण मारेकरी हा धंदा आहे. आज सगळे मेले तरी उद्या सकाळी वॉटरडीप शहराच्या एखाद्या गल्लीत कोणी पैसे देईल आणि कोणी सुरा उचलेल. नियमपुस्तकातला वर्ग आणि जगातला व्यवसाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कथेने दुसऱ्याला मारून पहिल्याचा हिशेब मिटवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या आवृत्तीत मारेकरी परत आले, त्यांच्यासाठी कोणी प्राण परत केले नाहीत.

२०००: कोणीच मेलं नाही

टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती काढली. नियमांची उलथापालथ बघितली तर ही दुसरीपेक्षा कितीतरी मोठी होती. हल्ल्याचं गणित उलटं झालं. आधी चिलखताचा आकडा कमी तितकं बरं, आता जास्त तितकं बरं. ड्वार्फ, ज्यांना पूर्वी जादूगार होताच येत नव्हतं, ते खुशाल पोथी घेऊन बसायला लागले. आणि सॉर्सरर हा नवा वर्ग आला. तो पोथी वाचत नाही, काही पाठ करत नाही, जादू त्याच्या रक्तातच असते. पंचवीस वर्षं सगळ्यांना खुपणारा नियम एका वर्गापुरता चक्क उडवला होता.

यासाठी रेल्म्समध्ये प्रलय आणला गेला नाही. २००१ च्या पुस्तकाने सॉर्सरर आहेत असं धरलं आणि पुढचं लिहिलं. शार या अंधाराच्या देवीने मिस्ट्राच्या विणीची एक काळी नक्कल गुपचूप विणून ठेवली आहे, हेही त्याच पुस्तकात ठळकपणे पुढे आलं. ती काळी वीण वापरली की भ्रम आणि मृत्यूचे मंत्र धारदार होतात, आगीबिगीचे बोथट होतात, प्रकाशाचे चालतच नाहीत, आणि शारची भक्ती न करणाऱ्याला शहाणपणाचे दोन गुण गमवावे लागतात. म्हणजे खेळाडूसमोर सरळ सौदा ठेवला, हवा तर घे. ‘हे आधीपासून होतं, तुम्हाला माहीत नव्हतं’ एवढ्यावर तो खपला, कारण गुप्तपणा हा शारचा स्वभावच आहे.

इथे या प्रकरणाची किल्ली आहे असं मला वाटतं. चिलखताचा आकडा वर जातो की खाली, हे टेबलावरच्या माणसांना माहीत असतं. चिलखत घातलेल्या योद्ध्याला ते माहीत नाही. त्याच्यासाठी काल तलवार चुकली, आज लागली. जो बदल पात्राला जाणवतच नाही त्याला जगातलं कारण देण्याची गरज नाही. दिलं तर उलट पात्राला काहीतरी जाणवलं असं मानावं लागतं आणि नसलेला प्रश्न उभा राहतो. ड्वार्फ जादूगार पात्राला दिसेल हे खरं, पण ‘मी पहिल्यांदाच बघतोय’ एवढी प्रतिक्रिया त्याला पुरते.

१३८५: निळी आग

आता २००८ कडे. चौथ्या आवृत्तीत प्रत्येक वर्गाची करामत तीन गटांत बसवली. हवी तेव्हा वापरायची, चकमकीत एकदा वापरायची आणि दिवसात एकदा वापरायची. जादूगाराला ‘मॅजिक मिसाइल’ दिवसभर सोडता येऊ लागलं. आणि योद्ध्यालाही दिवसातून एकदाचे वार मिळाले, ‘ब्रूट स्ट्राइक’ त्यातलाच.

या बदलासाठी स्पेलप्लेग रचला गेला. सिरिकने, शारच्या मदतीने, मिस्ट्राला तिच्याच निवासात मारलं. मिडनाइट आणि सिरिक एकेकाळी एकाच वाटेने चाललेले मर्त्य सोबती होते. तो वैराचा धागा इथे पुरा झाला, आणि कथा म्हणून एवढा भाग पटतो. वीण सुटली. विणीवर पोसलेले हजारो जादूगार वेडे झाले किंवा मेले. मिस्ट्राच्या हाताखालचा देव अझुथ नरकात कोसळला, तिथे नरकाचा राजा अ‍ॅस्मोडिअस याने त्याला गिळलं आणि अ‍ॅस्मोडिअस स्वतः देव झाला. युगानुयुगं वेगळं राहिलेलं अबेर हे जग टोरिलशी, म्हणजे रेल्म्सच्या जगाशी, आदळलं. उंथर हा देश गेला आणि त्या जागी ड्रॅगनबॉर्नांचं, म्हणजे ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या माणसांचं, टायमँथर आलं. ड्रॅगनबॉर्न आणायचेच होते, कारण नव्या नियमपुस्तकात ती खेळाडूंची मुख्य जमात होती.

आता प्रत्येक नियमासमोर त्याचं कारण ठेवून बघा. जादूगाराची दिवसभर चालणारी करामत कुठून आली? वीण गेली आणि लोक नव्या रीतीने जादू शिकले म्हणून. ठीक. पण मग योद्ध्याला ‘ब्रूट स्ट्राइक’ दिवसातून एकदाच का? त्याचा मिस्ट्राशी काडीचा संबंध नाही. नव्या आवृत्तीत जगातलं कारण सगळ्यात जास्त कशाला हवं असेल तर ते याला. तलवारबाजाला एक वार सकाळी जमतो आणि दुपारी जमत नाही, हे त्याला स्वतःला जाणवायला हवं. त्याबद्दल निळ्या आगीकडे उत्तर नव्हतं. आणि त्याच नियमपुस्तकासोबत आलेल्या नेंटिर व्हेल या छोट्या प्रदेशात जादूगार अगदी याच रीतीने मंत्र टाकत होता. तिथे कोणतीही देवी मेली नव्हती.

आणखी बोचणारी तुलना पुढच्याच वर्षी आली. २००९ मध्ये कंपनीने एबेरॉन या दुसऱ्या जगाचं चौथ्या आवृत्तीतलं पुस्तक काढलं. नियम तेच, जमाती त्याच, करामतींचे तीन गट तेच. एबेरॉनच्या कालगणनेत साल होतं ९९८ आणि ते ९९८ च राहिलं. ड्रॅगनबॉर्न कुठून आले? ते क्यूबाराच्या जंगलात राहतातच, बाहेरच्यांना ते लिझर्डफोक, म्हणजे सरडेमाणसं, वाटायचे. संपलं. दोन ओळींत जे भागलं त्यासाठी रेल्म्समध्ये एक देश नकाशावरून पुसला होता.

खर्च कोणी सोसला? टेबलांनी. स्पेलप्लेगनंतर ९४ वर्षांची उडी म्हणजे मानव जमातीतला ओळखीचा प्रत्येक जण मेलेला. एखाद्या गटाने पाच वर्षं लावून हालरुआत एक शाळा उभी केली असेल, एखाद्या सरदाराशी वैर जोपासलं असेल, ते सगळं एका पुस्तकाने इतिहासजमा केलं. डीएमला पर्याय दोनच होते. नवं पुस्तक घेऊन जुनं कॅम्पेन मोडायचं, नाहीतर जुन्या सालात राहून पुढचं प्रत्येक पुस्तक अर्धं निरुपयोगी करून घ्यायचं. नियम बदलले तरी कॅम्पेन चालू ठेवता येतं, तिसऱ्या आवृत्तीत लोकांनी ते केलं होतं. कारणामुळे ते चालू ठेवता आलं नाही, हा यातला विचित्र भाग.

स्पेलप्लेगमध्ये खेळण्याजोगं काहीच नव्हतं असं नाही. निळ्या आगीचा डाग अंगावर राहिलेली माणसं, त्या डागाने मिळालेली चमत्कारिक शक्ती, आग अजून धुमसते आहे असे प्रदेश, तलवार आणि मंत्र एकत्र चालवणारा स्वोर्डमेज हा वर्ग, हे चांगलं साहित्य आहे. पण हे सगळं एखाद्या सीमेवरच्या दरीपुरतं ठेवलं असतं तरी तेवढंच खेळता आलं असतं.

परतीचा रस्ता

२०१२ च्या ऑगस्टमध्ये जेन कॉन या मेळाव्यात कंपनीने ‘सन्डरिंग’ जाहीर केलं. सहा लेखकांच्या सहा कादंबऱ्या, आणि त्यांच्या ओघात दोन्ही जगं पुन्हा वेगळी होणार. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा मिस्ट्रा परत होती, वीण जागेवर होती, हालरुआ परतलं होतं. उंथरही परतलं, आणि टायमँथरचा उरलासुरला तुकडा मागे राहिला, कारण ड्रॅगनबॉर्न अजूनही नियमपुस्तकात होते.

गंमत अशी की पाचव्या आवृत्तीत जादूचा मूळ नियम पुन्हा बदलला. मंत्र पुसला जाणं गेलं. आता स्लॉट खर्च होतो, मंत्र डोक्यातच राहतो. आणि कँट्रिप नावाचे छोटे मंत्र कितीही वेळा टाकता येतात, ‘फायर बोल्ट’ सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दिवसाला एक मंत्र टाकणाऱ्या १९७४ च्या त्या जादूगाराला हे सांगितलं असतं तर त्याने खंजीर फेकून दिला असता. याचं कारण पुस्तकात एका वाक्यात आहे: सततच्या सरावाने तो मंत्र मनात पक्का बसलेला असतो. बस. जे समजावण्यासाठी १३८५ मध्ये देवी मारली, ते २०१४ मध्ये रियाजावर भागलं.

त्याच पुस्तकात विणीवर एक छोटी चौकट आहे. जादू ओळखणारा मंत्र म्हणजे विणीची झलक दिसणं, जादू मोडणारा मंत्र म्हणजे वीण सरळ करणं, जादूरोधक घुमट म्हणजे वीण वळवून त्या जागेच्या बाजूने नेणं. मला ती चौकट नेथेरिलच्या गोष्टीइतकीच आवडते. तिने इतिहासाला हातही लावलेला नाही, तरी ती वाचून एखादा खेळाडू विचारतो, ‘घुमटाच्या कडेला वीण दाटते का? तिथे मंत्र जोरात लागेल का?’ नियमात याचं उत्तर नाही. डीएमने हो म्हणावं.

२०२४ मध्ये नियमपुस्तकं पुन्हा नव्याने लिहिली गेली आणि या वेळी कोणालाही मरावं लागलं नाही. बहुतेक बदल पात्राला कळणारही नाहीत असे आहेत. पण काही कळतील. ‘काउंटरस्पेल’ घ्या. २०१४ मध्ये समोरच्याचा मंत्र हाणून पाडला की त्याचा स्लॉट गेला. तिसऱ्या पायरीपर्यंतचा मंत्र तर फासा न टाकता पडायचा. २०२४ मध्ये समोरच्याला शरीरबळावर वाचायची संधी मिळते, आणि तो वाचला नाही तर मंत्र विरतो, पण स्लॉट मात्र शिल्लक राहतो. दहा लढाया लढलेल्या जादूगाराला हा फरक जाणवेलच. काल माझा मंत्र तोडला तेव्हा मी रिकामा झालो, आज तोडला तर ताकद अजून हातात आहे.

कॅम्पेन मध्यावर असताना हा नियम घ्यायचा असेल तर मी वीण फाडणार नाही. पार्टीतल्या जादूगाराला त्याच्या पहिल्या तुटलेल्या मंत्रानंतर विचारीन, ‘तुला काय वाटतं, काय झालं?’ तो म्हणाला की शत्रू नवशिका आहे, त्याला धागा ओढता येतो पण तोडता येत नाही, तर त्या क्षणापासून तसंच. मग पुढच्या भेटीत त्यांना कोणीतरी असा दाखवायचा ज्याला जुन्या रीतीने तोडता येतं, आणि तो हे कुठे शिकला याचा माग काढायला पार्टीला मोकळं सोडायचं.